नसलेल्या दाबाचं ऑपरेशन

पार्लरवालीच्या उजव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, कात्री सटकू लागली. नवरा तिला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. मोठं म्हणजे नाव; लक्षण पुढे कळलंच.

डॉक्टरांनी मशीन लावलं. करंगळीच्या नसेला मनगटाशी झटका दिला, करंगळीचा स्नायू जोरात उडाला. कोपराशी दिला, तर जेमतेम हलला.

"कोपरात नस दबलीय. ऑपरेशन करू," ते मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले.

"मानही धरते हो माझी."

"मान वेगळी, हात वेगळा." जणू मान तिने शेजारणीची उसनी आणली होती!

नवऱ्याने डोळे वटारले. त्याच्या लेखी डॉक्टरांपुढे तोंड उघडायचं ते जीभ दाखवायला.

ऑपरेशन झालं, टाके निघाले, बोटं होती तशीच. "ऑपरेशन उत्तम झालंय," डॉक्टर म्हणाले, "बाईंच्या मनाचाच काहीतरी खेळ असावा." घरी नवऱ्याने तेच पोपटासारखं घोकलं. तिने त्याला घरी ठेवलं आणि नणंदेला घेऊन दुसरं हॉस्पिटल गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कोपरापाशी करंगळीच्या नसेऐवजी हाताच्या मधोमध जाणाऱ्या, मधल्या नसेला झटका दिला. करंगळीचा स्नायू हलला. दुसऱ्या हातातही तेच.

"तुमच्या मधल्या नसेचे काही धागे कोपराखाली वाट बदलून करंगळीच्या नसेला मिळतात. जन्मापासूनच. म्हणून करंगळीच्या नसेला कोपराशी झटका दिला की स्नायू कमी हलतो. तिथे दाब नव्हताच. नस मानेत दबलीय."

"असं फार थोड्यांना असतं का?" तिने विचारलं.

"छे, पाच-सहा जणांत एखाद्याला सापडतंच."

"म्हणजे त्या मोठ्या डॉक्टरांच्या बाहेरच्या बाकावरही एक-दोघं असतील!" नणंद म्हणाली.

रिपोर्ट घेऊन ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली; या वेळी नवराही मागोमाग आला. त्यांनी तो वरवर चाळला.

"हे फार दुर्मिळ असतं हो. पुस्तकात नस सरळ जाते."

"कापलात तो माझा हात, डॉक्टर. पुस्तक नाही."

डॉक्टरांनी घंटी वाजवून पुढचा पेशंट बोलावला. नवरा म्हणाला, "एवढ्या मोठ्या माणसाशी असं बोलतात का?"

"तुम्ही बसा त्यांच्याशी गोड बोलत," ती म्हणाली आणि एकटीच बाहेर पडली.

मानेचे व्यायाम सुरू झाले, पार्लरमधली खुर्ची उंच केली. बोटांत हळूहळू जान आली. करंगळीचं टोक मात्र अजून सुन्नच आहे. कोपरावरचा व्रण बघून गिऱ्हाइकं विचारतात, तेव्हा ती डॉक्टरांचं नाव पत्त्यासकट सांगते.