माझ्या वाटेत फ्यूज नव्हता

मी ट्रकमधली लाल केबल बोलतेय. मला तोंड नाही, तरी बोलतेय, कारण ज्यांना तोंड होतं त्यांना बोलू दिलं नाही.

गॅरेजात आल्या दिवशीच मला तिथला नियम कळला. थोरल्या काकांनी केलेल्या जोडणीला ‘का’ असं कुणीही विचारायचं नाही. धाकट्या भावाने नाही, पुतण्याने नाही आणि पुतणीने तर मुळीच नाही. मी तर केबल. मला कोण विचारतं?

माझा जन्मही मारझोडीतच झाला. तांब्याची कांब भोकातून ओढली, मग त्याहून बारीक भोकातून, आणि तशीच ओढत नेली, केसासारखी तार होईपर्यंत. अशा असंख्य तारांना पीळ घातला आणि वरून वितळलेलं लाल प्लास्टिक चढवलं. दुकानात मी रिळावर गुंडाळलेली होते. काकांनी हवी तेवढी मोजून घेतली आणि दुकानदाराने कात्रीने कचकन तोडली.

“सोबत फ्यूज देऊ ना?” त्याने विचारलं.

“फ्यूज म्हणजे वाटेतला दरोडेखोर,” काका म्हणाले. “ऐन चढावर गाडी अडवतो.”

त्यांच्या तरुणपणी खरंच एकदा फ्यूज उडाला होता आणि गाडीभर टोमॅटो रस्त्यातच सडले होते. तेव्हापासून दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक गाडीतला फ्यूज काढून ते तिथे सरळ तार जोडत. काढलेले फ्यूज काचेच्या बरणीत भरून फळीवर मांडून ठेवत. गिऱ्हाइकं ती बरणी कौतुकाने बघत.

हा ट्रक घरचाच होता. धाकट्या भावाचा. चालवायचा त्याचा मुलगा. घरात सगळे त्याला दादा म्हणत. लांबच्या फेऱ्यांत गरम खायला मिळावं म्हणून त्याला विजेची शेगडी हवी होती. त्यासाठी सीटमागे इन्व्हर्टर बसवायचा आणि बॅटरीपासून तिथवर वीज न्यायची, हे माझं काम.

काकांनी केबिनच्या तळाला ड्रिलने भोक पाडलं आणि त्यातून मला खेचलं. दादाची बहीण बॅटरी धरून उजेड दाखवत होती, म्हणजे हातातली बॅटरी. तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट कापलं.

“काका, याला रबर बसवा. पत्रा सुरीसारखा आहे.”

“कॉलेजात पत्रे शिकवतात वाटतं?”

“नाही, रक्त आलं म्हणून कळलं. आणि फ्यूज कुठाय? बॅटरीपासून वीतभर अंतरात हवा. केबल कुठे घासून पत्र्याला टेकली तर तो आधी वितळेल आणि वीज तुटेल. नाहीतर अख्खी बॅटरी हिच्यातून धावेल.”

“ऐकलंस?” काका तिच्या वडिलांना म्हणाले. “मास्तरीणबाई आल्यात.”

“गप्प बस,” वडील तिला म्हणाले. “मोठ्यांच्या कामात ‘का’ नको.”

ती बोट चोखत गप्प बसली. मला तिचा फार राग आला होता. का गप्प बसलीस? माझ्या अंगाला ती धार तेव्हाच टोचत होती.

त्यानंतर प्रत्येक खड्ड्यात तो पत्रा मला चावत राहिला. करवत चालावी तसा. दादा माझ्या जिवावर भात शिजवायचा, गाणी म्हणायचा, घरी फोन करून बहिणीला चिडवायचा, “तुझ्या फ्यूजविना छान चाललंय गं.” खाली माझी साल सोलली जात होती आणि त्याला ते दिसणार तरी कसं?

एका गोदामाच्या फाटकाशी रांग होती. भर दुपारी दादा सीटमागच्या गादीवर आडवा झाला. रांग हलली, मागच्या ट्रकने हलकासा धक्का दिला, आणि माझं उघडं तांबं पत्र्याला टेकलं.

वीज अशी आली की मला आवरता येईना. मी लाल झाले, मग पांढरी. माझं प्लास्टिक फसफसून दादाच्या गादीवर गळलं आणि गादीने पेट घेतला. दादा ओरडत उठला. त्याने मला उजव्या मुठीत धरून उपटायचा प्रयत्न केला. मूठ माझ्यावर चिकटली. त्याने पाय सीटच्या पाठीला लावून हिसका दिला तेव्हा हात सुटला, पण तळव्याची कातडी माझ्यावरच राहिली. ती माझ्यावर चरचरत जळली. हे मी सौम्य शब्दांत सांगणार नाही.

बाहेरच्या ड्रायव्हरांनी काच फोडली आणि त्याला केस, कॉलर, हाताला लागेल ते धरून बाहेर ओढलं. एकाने पान्याने बॅटरीची वायर झोडून झोडून तोडली. मग कुठे मी थांबले.

दादा जगला. पण त्याची बोटं आता मिटलेलीच असतात. त्या हातात स्टिअरिंग मावत नाही.

लोक म्हणाले, केबलने जाळलं. मी काय करणार? मला वाहणं येतं, थांबणं येत नाही. थांबवणारा वाटेत बसवावा लागतो. तुम्ही जोडणी करत असाल तर तो आधी बसवा, बॅटरीच्या अगदी जवळ, आणि भोकाला रबर लावल्याशिवाय माझ्यासारखीला आत ओढू नका. एवढंच मागते.

आज ट्रक पुन्हा गॅरेजात उभा आहे. नवी सीट आली, नवा इन्व्हर्टर आला. गाडी आता बहीण चालवणार. तिच्याकडे लायसन्स आहे आणि घरात गाडी चालवणारं दुसरं कुणी नाही. काकांनी माझा जळका तुकडा कापून फेकला आणि उरलेल्या टोकाला नवा तुकडा पिळून वर टेप गुंडाळली. भोक तेच. फ्यूज नाहीच.

“नशीब वाईट होतं पोराचं,” ते म्हणाले. “जोडणीत काही खोट नव्हती.”

बहिणीने पाना घेतला, बॅटरीची काळी वायर आधी सोडवली, मग मला. भोकातून मला बाहेर ओढलं आणि काकांसमोर धरलं.

“खोट नाही ना? मग काका, ही उजव्या मुठीत धरा आणि गादीवर बसा. मी ही परत जोडते, शेगडी लावते आणि गाडी बाजारापर्यंत नेते. खड्ड्यांच्या रस्त्याने.”

“अगं, मोठ्यांशी असं बोलतात?” वडील म्हणाले.

“मग तुम्ही बसा, बाबा. तुम्हीच म्हणाला होता, ‘का’ नको. मी ‘का’ विचारतच नाही. मी नाही म्हणतेय. या जोडणीवर ही गाडी मी फाटकाबाहेर काढणार नाही.”

ती मला पुढे धरून उभी राहिली. काकांनी हात पाठीमागे घेतला. वडील दारात उभ्या असलेल्या दादाच्या मिटलेल्या बोटांकडे बघत राहिले.