आईच्या पायाची शीर

माझी आई गेनोवेफा वूच शहरातल्या सूतगिरणीत उभी राहून म्हातारी झाली. शाळा सुटली की मी गिरणीच्या फाटकाशी जायची. कामाची पाळी संपवून बायका केसांत कापूस घेऊन, एकमेकींना ढकलत, खिदळत बाहेर पडायच्या. घरी आल्यावर आई जमिनीवर आडवी होऊन पाय भिंतीला लावायची. पोटऱ्यांवर निळ्या शिरांची वेटोळी उठलेली असायची. मी त्यांवर ओला फडका ठेवायची.

पुढे मी अशा फुगलेल्या शिरांवरच संशोधन करू लागले. आईची शीर काढायची ठरली, तेव्हा तीच सर्जनला म्हणाली, "माझ्या पोरीच्या प्रयोगशाळेत द्या. एरवी फेकणारच ना?"

टाके निघाल्यावर ती बघायला आली. मी तिला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं.

"तो तपकिरी रंग दिसतो? ती राखणदार प्रथिनं. शिरेत रक्त तुंबलं की भिंतीला ऑक्सिजन पुरत नाही. मग आतली बाकीची प्रथिनं बिघडू नयेत म्हणून पेशी ही जास्त बनवतात. तुझ्या शिरेचा एक तुकडा आम्ही कमी ऑक्सिजनमध्ये ठेवला होता, त्यात रंग आणखी गडद आलाय."

"तरी शीर फुगलीच की!"

"हो. त्यांचा किती उपयोग होतो, ते अजून नीट कळलेलं नाही."

"मग इतकी वर्षं करतेस काय गं?"

मी हसले. ती मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसून राहिली. मग हळूच म्हणाली, "अगं लुडका, ती झेनोबिया आठवते का तुला? माझ्या शेजारच्या यंत्रावरची? तू पोटात होतीस. दुपारनंतर पाय फुटतील असं वाटायचं. ती म्हणायची, 'जा, कापसाच्या गठ्ठ्यांमागे टेक जरा. तुझं यंत्रही मी बघते.' आणि मुकादम दिसला की मोठ्यानं खोकायची."

"आहे कुठे ती?"

"पाब्यानित्सेला. गिरणी बंद झाली आणि भेटी राहूनच गेल्या."

रविवारी खसखशीचा रोल घेऊन आम्ही ट्रामनं शेजारच्या त्या गावी गेलो. झेनोबियानं काठी टेकत दार उघडलं. क्षणभर ओळखच पटेना. मग ओरडली, "गेन्या! मेले, पाय दाखव आधी!"

आईनं पट्टी दाखवली. झेनोबियानंही मोजा खाली ओढला. मी चहा ठेवला. तो निवून गेला तरी दोघी एकाच स्टुलावर पाय टाकून बोलत होत्या: कोण गेली, कुणाची नातवंडं कुठे.

संध्याकाळी मी कोट घातला. आई जागची हलली नाही.

"तू जा," ती म्हणाली. "मी उद्या येईन."