पायरीजवळची एकदांडी

मी पायरीच्या फटीतली एकदांडी बोलतेय. या घरच्या सासूबाईंचा नवस मला अजून शब्दन्‌शब्द आठवतो. हातातलं खुरपं खाली ठेवून माझ्यासमोरच त्या म्हणाल्या होत्या, "देवा, सुनेच्या बाळाला या खेपेला तरी तग धरू दे. बाळ हाती येईपर्यंत या अंगणातलं एकही रोप उपटणार नाही, कुणाला उपटू देणार नाही."

आधी दोनदा हातातोंडाशी आलेलं सुख हुकलं होतं. डॉक्टरांनी सुनेला निजूनच राहायला सांगितलं होतं.

माझी मात्र चंगळ झाली! फटीतून बाहेर पडून मी ऐसपैस पसरले. शेजारच्या वहिनी कुंपणावरून म्हणाल्या, "काकू, हे अंगण आहे की कुरण?"

"कुरणच. या की चरायला!"

सून खिडकीतून मलाच बघत पडायची. "आई, या फुलाचं नाव काय हो?"

"एकदांडी. एका दांडीवर एकच फूल. दगडातही उगवते म्हणून कुणी दगडी पाला म्हणतं. खरचटलं की आम्ही पाला चोळून लावायचो, म्हणून जखमजोडी."

"आणि बाबा कंबरमोडी म्हणतात!"

"म्हणतील नाहीतर काय? जन्मात एकदा उपटायला वाकले, ते आठवडाभर कण्हत होते."

सून हसली. पोटावर हात ठेवून, जपून हसली.

दिवस भरले तशा सासूबाई तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. सासरे एकटेच घरी. नवसाला ते नेहमी हसायचे. बाळ यायच्या आत अंगण लख्ख करावं म्हणून त्यांनी खुरपं घेतलं. पातं माझ्या मुळाशी टेकलं आणि तिथंच थबकलं. दवाखान्यातून अजून निरोप नव्हता.

कुणी बघत नाही ना, हे पाहून त्यांनी खुरपं ठेवलं. तांब्याभर पाणी आणून माझ्यावर ओतलं. "राहा गं बाई," ते पुटपुटले, "बाळ येईपर्यंत तरी राहा."

संध्याकाळी निरोप आला. नात झाली!

नवस फिटला. सासूबाईंनी सगळं अंगण साफ केलं. पायरीशी आल्या, तर सासरे म्हणाले, "तिला राहू दे."

"अहो, तुमची कंबर मोडते ना तिच्यानं?"

"वाकायचंय कुणाला?"

आता नात रांगत येते आणि माझं फूल मुठीत धरून ओढते. तिला सगळं माफ आहे.

तुमच्याही पायरीशी माझी एखादी बहीण असेल. खुरपं उचलण्याआधी घरातल्या कुणासाठी तरी एक मागणं मागा, आणि ते पुरं होईपर्यंत तिला राहू द्या.