बरं झाल्यानंतरचा सोमवार

“बघ, सांगत होतो की नाही, तू त्याला पुरून उरणार म्हणून.”

पार्सल न्यायला आलेला लार्स खिडकीवर कोपर टेकून म्हणाला. सकाळपासून असं म्हणणारा तो सातवा.

“चिवट आहेच मी. सही कर,” थोरा ब्यार्नासन हसून म्हणाली. तो गेल्यावर तिचं हसू काही क्षण तसंच चेहऱ्यावर राहिलं.

कॅनडातल्या गिमली गावच्या पोस्टात तिची सव्वीस वर्षं गेली होती. कोणाला कुठून पत्र येतं आणि कोणाला येतच नाही, हे तिला तोंडपाठ. जानेवारीत तिच्या स्तनातली गाठ कर्करोगाची निघाली, तेव्हा सगळं गाव तिच्या दारात उभं राहिलं. ऑपरेशन, मग केमो, मग सहा आठवडे रोज विनिपेगला रेडिएशन. कोणी गाडीने नेलं, कोणी पायरीवर सूप आणून ठेवलं. एडमंटनला राहणारा तिचा मुलगा रोज संध्याकाळी न चुकता फोन करायचा.

ऑगस्टअखेर डॉक्टर म्हणाले, “झालं तुमचं. आता फेब्रुवारीत या.”

त्याच आठवड्यात सूप बंद झालं. मुलाचा फोन रविवारवर आला. यात कोणाचं काही चुकलं नव्हतं. बऱ्या झालेल्या बाईला कोण कशाला सूप देईल? पण उपचार चालू होते तोवर कोणी ना कोणी रक्त तपासत होतं, ताप विचारत होतं. आता त्या शरीरावर पहारा द्यायला ती एकटीच उरली होती. पाठीत जरा कळ आली की काळजात धस्स व्हायचं. केमोच्या काळात एकदाही न रडलेली थोरा गेल्या आठवड्यात दुकानात साबणांच्या फळीसमोर उभी राहून रडली. बहिणीला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, “अगं, आता कसलं रडणं? देवाचे आभार मान.” त्यानंतर तिने कोणाला काही सांगितलं नाही. कामावर गेलं की बरं वाटेल, म्हणून आज, नोव्हेंबरातल्या या सोमवारी, ती रुजू झाली होती.

पावणेबाराच्या सुमारास दार उघडलं आणि वॉल्टर ह्रित्सुक आत आला. थोराने नजर काउंटरवरच्या कागदांकडे वळवली.

वॉल्टरची बायको नेटी. केमोला दोघींच्या खुर्च्या शेजारीशेजारी असायच्या. नेटी मोजे विणत बसायची आणि डॉक्टरांच्या चालण्याच्या नकला करून नर्सना हसवायची. थोराचं केमो संपलं, नेटीचं लांबतच गेलं. थोराच्या केमोच्या शेवटच्या दिवशी नेटी म्हणाली होती, “फोन करत जा गं. नाहीतर मी टिंगल कोणाजवळ करू?”

थोराने नंबर फ्रिजवर चिकटवला. आज करू, उद्या करू. पलीकडून खोल गेलेला आवाज आला तर काय बोलायचं, हे तिला सुचेना. ऑक्टोबरात पोस्टाच्या फळ्यावर नेटीच्या अंत्यविधीची चिठ्ठी लागली. थोराने ती वाचली, आणि गेली नाही. सर्दी झालीय, असं तिने स्वतःलाच सांगितलं.

वॉल्टरने टोपी काढली. “पोस्टातल्या आमच्या पेटीवरून नेटीचं नाव काढायचंय. लोकरवाल्यांचे कॅटलॉग अजून येतात तिच्या नावाने. बघवत नाही.”

थोराने फॉर्म काढला. नाव, पत्ता, पेटीचा नंबर, सगळं न विचारता भरलं. मग फॉर्मवरची नजर न उचलता म्हणाली, “मी फोन केला नाही.”

“माहीत आहे.” वॉल्टरने टोपी काउंटरवर ठेवली. “आधी वाट बघायची. मग एक दिवस म्हणाली, नाही करणार ती. तिच्या जागी मी असते तर मीही पळालेच असते. रागावली नव्हती. पण वाट बघायची, हे खरं.”

थोराने मान हलवली. सकाळपासून कोणीतरी पहिल्यांदा तिच्याशी खरं बोललं होतं.

“झोप लागते का तुम्हाला?” त्याने विचारलं.

‘मस्त’ असं उत्तर तयारच होतं. ते तिच्या तोंडातून निघालं नाही. “नाही,” ती म्हणाली.

“मलाही नाही. नेटी घोरायची. आता घर इतकं गप्प असतं, की फ्रिज सुरू झाला तरी दचकतो.” त्याने सही केली, टोपी उचलली, आणि दाराशी जाऊन परत वळला. “गाडीत कॉफी आहे. दोन कप आहेत.”

सव्वीस वर्षांत थोरा जेवणाच्या सुट्टीआधी कधी उठली नव्हती. तिने आत काम करणाऱ्या मॉरीनला हाक मारली, “दहा मिनिटं आधी जाते गं,” आणि कोट चढवला.

वॉल्टरची पिकअप गाडी पोस्टासमोर रस्त्यालगतच उभी होती. गावाशेजारच्या तळ्यावरून बोचरा वारा येत होता. काचा बंद, इंजिन बंद. कॉफी कडू होती.

“सगळे म्हणतात, जिंकलीस,” थोरा म्हणाली. “मी काहीच केलं नाही हो. नेटीने केलं तेवढंच केलं. त्याच खुर्चीत, तेच औषध. मग मी कशी राहिले?”

“मला काय माहीत,” वॉल्टर म्हणाला.

तेव्हा ती रडली. आवाज न दाबता, नाक न पुसता. श्वासांनी गाडीच्या काचा हळूहळू पांढऱ्या झाल्या, रस्त्यावरून आतलं दिसेनासं झालं. बाहेरून माणसं चालली होती; त्यांची पावलं ऐकू येत होती, कोणी कोणाला हाक मारत होतं. वॉल्टरचा हात सवयीने काच पुसायला वर गेला, आणि अर्ध्यावरून परत आला. समोरच्या आंधळ्या काचेकडे बघत तो कॉफी पीत बसून राहिला.