पाचवा पत्ता

साडेअकराला तिने साहेबांच्या डोळ्यांदेखत पहिल्या राउटरची वायर उपटली. साहेब मनात आकडे मोजत असावेत, कारण त्यांचे ओठ हलत होते. पडद्यावर शीतगृहाच्या अठरा खोल्यांची तापमानं होती तशीच हलत राहिली, गेटवरच्या कारकुनाचं काम क्षणभरही अडलं नाही. दुसऱ्या राउटरने पहिल्याचा कारभार बिनबोभाट हाती घेतला होता.

"म्हणजे आता नेट जाणार नाही?"

"एक मेला तरी दुसरा उभा आहे, साहेब."

ती हे जरा ऐटीतच म्हणाली. म्हणू द्या, महिनाभर राबली होती बिचारी. राबणं यंत्रांशी कमी आणि पत्त्यांशी जास्त होतं. कंपनीच्या वाट्याला बाहेरचे आयपी पत्ते आले होते पाचच. घराला नंबर असतो तसा हा प्रकार, आणि एका नंबरावर दोन घरं चालत नाहीत. जोडीने राउटर लावायचे तर पत्ते लागतात तीन: दोघांचा एकेक आणि दोघांत मिळून सामाईक एक. जुन्या राउटरचा एक हाताशी होता, म्हणजे आणखी दोन हवे होते. मोकळा होता एक. जास्तीचे मागितले तर नेट पुरवणाऱ्यांनी हात वर केले. एकाच पत्त्यात भागवायची युक्तीही आहे, पण तिच्यात दोन दिवसांची डोकेफोड होती आणि या बाईसाहेबांना घाई होती.

मग तिची नजर पाचव्या पत्त्यावर गेली. तिच्या आधी हे काम पाहणाऱ्या माणसाने मागे ठेवलेल्या यादीत त्याच्यासमोरची जागा कोरी होती. तिने आठ दिवस त्या पत्त्याला दर मिनिटाला हाक मारून पाहिली. एकदाही ओ आली नाही. जो ओ देत नाही तो घरात नाही, असं या धंद्यातली माणसं बेलाशक धरून चालतात. तिनेही धरलं, यादीत 'रिकामा' असं लिहिलं आणि सोमवारी तो पत्ता दुसऱ्या राउटरला देऊन टाकला.

त्याआधी तिने हिशेबनिसाला विचारलं, गेटवर विचारलं, कॅमेरेवाल्याला विचारलं. दादाला तेवढं विचारलं नाही. दादा म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ, मागच्या मशीनघरात बावीस वर्षं खोल्या गार ठेवणारे अमोनियाचे कॉम्प्रेसर सांभाळणारा. तिच्या शिक्षणासाठी स्वतःचं अर्धवट सोडणारा. दोन राउटरचं ऐकल्यापासून तो रोज छेडायचा, "काय गं, सवती नांदायला लागल्या का?" काम फत्ते झालं की एकदमच सांगू, त्याचं तोंड बंद होईल, असं तिने ठरवलं होतं.

अकरा चाळीसला साहेब निघणार तोच पडद्याच्या कोपऱ्यात लाल ओळ आली. ओळ म्हणत होती, पाचवा पत्ता माझा आहे असं आणखी कोणीतरी म्हणतंय. तीनदा आली आणि गप्प झाली.

"हे काय?"

"काही नाही. नवी जोडी आहे, सुरुवातीला आपसात कुरबुरी होतात," ती म्हणाली आणि ओळीवर 'दुर्लक्ष' असा शेरा मारून मोकळी झाली. साहेबांसमोर यंत्राने तक्रार केलेली तिला आवडली नव्हती.

बाराला दोघं भावंडं जेवायला बसत. दादाला जगात एकाच गोष्टीला उशीर चालत नसे, ती म्हणजे जेवण. सव्वाबारा झाले. तिने फोन केला, तो वाजून वाजून थांबला. कॉम्प्रेसरच्या गोंगाटात त्याला फोन कधीच ऐकू येत नसे, म्हणून तिला फक्त राग आला. डबा उघडून बसली आणि हात मोकळा म्हणून ती लाल ओळ पुन्हा काढली.

पत्ता मागणाऱ्या यंत्राचा अंगचा क्रमांक तिथे होता. तो तिच्या दोन्ही राउटरचा नव्हता. अशा क्रमांकाच्या पहिल्या अर्ध्यावरून यंत्र कोणी बनवलं ते कळतं. तिने शोधलं. ती कंपनी राउटर बनवत नव्हती. गॅसगळती ओळखणाऱ्या पेट्या बनवत होती.

तिने डबा बाजूला सारला. मशीनघराच्या भिंतीवर तशी पेटी तिने स्वतः पाहिली होती. एरवी मुकी, कोणाच्या हाकेला ओ न देणारी. महिन्यातून एकदा दादा तिची चाचणी घ्यायचा, नाहीतर ती बोलायची ते फक्त गॅस गळला की, आणि तेही थेट अग्निशमन दलाशी. आज ती बोलायला उठली होती. आपल्या पत्त्यावर दुसरंच कोणी बसलंय हे पाहून तिने तीनदा विचारलं आणि मुकाट्याने माघार घेतली.

तिने साहेबांना ओरडून सगळ्यांना बाहेर काढायला सांगितलं, मशीनघराकडे कोणी फिरकू नका म्हणून बजावलं आणि अग्निशमन दलाला फोन लावला.

"तुमच्या पेटीचा काहीच निरोप नाही आमच्याकडे," पलीकडचा माणूस म्हणाला.

"येणार नाही. माझ्यामुळे."

"गाडी निघाली. आत किती माणसं?"

"एक. माझा दादा."

"गळती कधी सुरू झाली?"

"अकरा चाळीसला."

पलीकडे कोणाशीतरी हलक्या आवाजात बोलणं झालं. बारा पंचवीस होत होते.

"ताई, नीट सांगा. आत जाणाऱ्यांनी काय घालून जायचं ते यावरच ठरतं. ही वेळ तुम्हाला कुणी सांगितली? तुम्हाला कधी कळलं?"

आत्ताच, असं म्हणता आलं असतं, आणि ते खोटंही ठरलं नसतं. तिने पडद्याकडे पाहिलं. लाल ओळीखाली तिचं नाव होतं, तिचा शेरा होता आणि शेऱ्याची वेळ होती.

"अकरा एक्केचाळीसला," ती म्हणाली.