आयतवारचं अंडं आणि बाकीचे सहा वार

मित्रांनो, मी एक म्हातारी कबरी कोंबडी आहे. सोलापुरात मिशन कंपाऊंडच्या मागच्या चाळीत, अंबुबाईंच्या अंगणात राहते. माझ्या पिसांत काळा, पांढरा, तांबूस असे सगळे रंग आहेत, आणि एके काळी त्यांचं कौतुकही होत असे. ते आधी सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा जीव अजून जळतो.

माझा जन्म एका फुटक्या पाटीतला. अंबुबाईंनी मला कण्या घालून वाढवलं. मी पहिलं अंडं घातलं तो नेमका रविवार होता. अंबुबाईंनी ते पदरानं पुसलं आणि म्हणाल्या, "आयतवारचं अंडं देवाचं हाय. कुणी हात लावायचा न्हाई." तेव्हापासून माझं रविवारचं अंडं रुमालात बसून चर्चला जाऊ लागलं. उपासना संपली की पायऱ्यांवर लोकांनी देवाला आणलेल्या वस्तूंचा लिलाव व्हायचा. कुणाची मेथीची जुडी, कुणाचा भोपळा, आणि माझं अंडं. एकदा खुद्द पाळकसाहेबांनी बोली लावून ते घेतलं. अंबुबाई घरी येऊन मला म्हणाल्या, "बघ गं, तुजं अंडं पाळकसायबाच्या ताटात!" त्या दिवशी मी साऱ्या चाळीतून मान ताठ करून हिंडले.

मोठा दुष्काळ सरला, त्यानंतर दोन वर्षांनी 'त्या' आल्या.

अंबुबाईंचा मुलगा शमुवेल मिलमध्ये कारकून. पोस्टात साठवलेले पैसे काढून त्यानं विलायती कोंबड्या आणल्या. पांढऱ्याशुभ्र, लालभडक तुऱ्यांच्या. त्यांना जाळीचं घर, वर पत्रा, पाण्याला वेगळं भांडं. मला तीच फुटकी पाटी, पालथी घातलेली. त्यांना दुकानातलं खाद्य, मला खरकटं. सगळी चाळ बघायला लोटली. "रोजच्या रोज अंडी देत्यात म्हणं!" आमचा तांबडा कोंबडासुद्धा मला सोडून त्यांच्या जाळीत राहायला गेला. मी जाळीभोवती फेऱ्या घालायची आणि मनात म्हणायची, यांना अंगणात उकरून एक किडा तरी काढता येतो का?

शमुवेलची बायको एस्तेर तेवढी येता-जाता माझ्यापुढे चार दाणे टाकायची. कॉलेज शिकलेली, पण काळजीनं वाळलेली पोर. तिची लेक करुणा पाच वर्षांची. करुणा दाराबाहेर गेली की एस्तेरची मान लगेच वळायची. माझी पिलं लहान असताना मी घारीच्या भीतीनं आभाळाकडे बघत असे, अगदी तशी.

अंडी भरपूर झाली, पण घेणार कोण? सोलापूरचा उन्हाळा, अंडी टिकेनात. तेवढ्यात कल्लप्पा आला. तो नाक्यावर, देशी दारूच्या दुकानासमोर हातगाडी लावायचा.

"सगळी अंडी मला द्या की, सायेब. उकडून मीठ-तिखट लावलं की लई खपत्यात. रोज सांजच्याला रोख."

"तिथं?" एस्तेर आतून म्हणाली.

"आपण अंडी विकतो, दारू नाही विकत," शमुवेल म्हणाला. "आणि रविवारची सगळी देवाला देतोच की आपण."

"मग बाकीचे सहा वार कुणाचे? मालक देव, आपण नुसते कारभारी, असं संडे स्कूलच्या पोरांना तुम्हीच शिकवता ना?"

"शिकवायला काय जातं! खाद्याचं पोतं तू आणतेस का?"

अंबुबाईंनी मुलाची बाजू घेतली. "देवाचा वाटा काढलाय न्हवं? मग झालं. लई चिकित्सा बरी न्हाई, सूनबाई."

 रोज संध्याकाळी टोपली नाक्यावर जाऊ लागली. मला त्या टोपलीचाही हेवा वाटायचा. माझी अंडी कुणी मोजून नेत नव्हतं.

मग मिलच्या पगाराचा दिवस आला. दिवेलागणीला एस्तेरनं हाक मारली, "करुणा!" उत्तर नाही. मोरीत नाही, शेजारी नाही, जाळीजवळही नाही. एस्तेर अनवाणीच धावत सुटली. घार पिलू उचलते तेव्हा आई कशी ओरडते ते मला ठाऊक आहे, मित्रांनो. तो आवाज मी त्या दिवशी माणसाच्या गळ्यातून ऐकला.

बऱ्याच वेळानं ती करुणाला कडेवर घेऊन परतली. मागोमाग कल्लप्पा.

"शेजारच्या भीमाशंकरनं आणली हुती बोट धरून," तो म्हणाला. "अंडं खायला चल म्हणून. मानूस वाईट न्हाई, खरं दारूच्या दुकानात गेला की पोरीला इसरूनच गेला. मी गाडीजवळ बसवून घेतली, न्हाईतर कुटं गेली असती!"

करुणा मात्र खुशीत होती. तोंडाला मीठ-तिखट तसंच. "पप्पा, ते आपलंच अंडं होतं! कल्लप्पाकाका म्हणाले. उद्या परत जाऊ?"

शमुवेलनं तिचं तोंड पुसलं.  मग तो कल्लप्पाला म्हणाला, "पोरीला सांभाळलंस, उपकार झाले. पण उद्यापासून अंडी नाही देता यायची."

"मग टाकणार कुटं ती?" कल्लप्पानं विचारलं.

"मी विकीन," एस्तेर म्हणाली. "रेल्वे लाइन्समध्ये, रेल्वेवाल्यांच्या क्वार्टर्सवर घरोघर."

"शिकलेली बायको दारोदार अंडी विकणार? लोक काय म्हणतील?" शमुवेल म्हणाला.

"म्हणू देत. अंडं कुणाच्या घरी गेलं ते मला ठाऊक असेल."

अंबुबाई हुंकारल्या. "तितल्या बाया भाव पाडत्यात. तुला एकटीला न्हाई जमायचं. मी येते."

मला वाटलं, आता तरी या पांढऱ्या जातील! पण नाही. त्या राहिल्या. सासू-सुना टोपली घेऊन उन्हातून हिंडू लागल्या. पैसा कमी आला, खाद्य मोजून मिळू लागलं, नवी पिलं विकत आणणं जमेना. आणि विलायती बायांना अंड्यांवर बसायची अक्कलच नाही! मग एके सकाळी एस्तेरनं पाटीत भुसा घातला, त्यांची अंडी ठेवली आणि मला उचलून वर बसवलं. "तूच आता, बाई," ती म्हणाली.

मित्रांनो, देवाचा वाटा काढला म्हणजे बाकीचं कुठंही जाऊ द्यावं, असं नसतं. हातातली वस्तू आणि हातातला पैसा पुढे कुणाच्या दारात जातो, तेही बघत जा. आणि अंगणातल्या जुन्या जिवालाही चार दाणे टाकत जा.

पिलं बाहेर आली ती सगळी पिवळीधमक. मोठेपणी पांढरीच होणार. पण ती माझ्याच मागे धावतात. मी त्यांना रोज अगदी जाळीसमोर नेऊन उकरायला शिकवते. त्या आतून बघतात. बघू देत.