मोजपट्टी आणि नवव्या क्रमांकाचं कारंजं

मित्रांनो, माझी उंची वीस मीटर आहे. ही बढाई नाही. ती माझ्या अंगावरच लिहिलेली आहे, खालून वर, मीटरामीटराला. शहराला पाणी देणाऱ्या धरणात पाणी उपसण्याचा एक बुरूज आहे. त्याच्या भिंतीला बोल्टांनी ठोकलेली मी लोखंडी मोजपट्टी. पाणी माझ्या ज्या आकड्याला टेकतं, तेवढं शहराकडे शिल्लक आहे असं समजतात.

कारखान्यात माझे पत्रे कापले, पांढरा रंग दिला, काळे आकडे काढले, तेव्हा मला वाटलं होतं की आपण काहीतरी मोठं मोजणार. मोजते मोठंच, पण आमच्या कामात एक अडचण आहे. मी बुडालेली असले की लोक खूश असतात. धरण भरलं की पाहुणे येतात, फोटो काढतात, आणि त्या फोटोत मी नसते. मी उघडी पडू लागले की मात्र सगळे माझ्याकडे असे बघतात, जणू पाणी मीच प्यायले.

पंचवीस वर्षं माझ्याकडे नेमाने बघणारा माणूस एकच, मोजणीकाका. रोज सकाळी सात वाजता ते बांधावर येतात. गुडघ्यांमुळे शिडी उतरणं बंद झालं, म्हणून दुर्बिणीतून आकडा वाचतात आणि पाणीखात्याच्या लेखापाल बाईंना फोनवर कळवतात. माझे आकडे आता इतके पुसट झालेत की काका निम्मं वाचतात आणि निम्मं आठवतात.

या बाई खात्याचा जमाखर्च सांभाळतात. त्यांची चिंता अशी, की पाणीकपात लागली की पाणी कमी विकलं जातं आणि बिलांची रक्कम घटते. पण पंपांची वीज, लोकांचे पगार आणि पाइपांच्या कर्जाचे हप्ते कपात पाळत नाहीत. म्हणून नऊ वर्षं त्यांनी प्रत्येक बिलातून थोडे थोडे पैसे दुष्काळ निधीत टाकले. नियमही त्यांनीच लिहून घेतला. माझ्या अंगावर आठ मीटरला लाल रेषा. पाणी तिच्याखाली गेलं की दोन गोष्टी एकदम होणार: शहराला दिवसाआड पाणी, आणि निधीचं कुलूप उघडणार. त्याआधी कुणाचीही खुर्ची मोडली तर बाई सुतार बोलावत, निधी नाही.

मग खात्याच्या समितीवर नवे अध्यक्ष आले. त्यांना खात्याच्या दारात रंगीत दिव्यांचं, गाणारं कारंजं हवं होतं. पैसे फक्त निधीत होते. म्हणून एका सकाळी अख्खी समिती मला बघायला आली. पाणी अकरावर होतं.

"तुमची ती लाल रेषा कुठाय?" अध्यक्षांनी विचारलं.

"पाण्याखाली, साहेब," बाई म्हणाल्या.

"मग वर घ्या की. बारावर घ्या. म्हणजे निधी आजच उघडतो."

"उघडतो. आणि आजपासूनच दिवसाआड पाणी."

"कपात कशी करणार? दोन महिन्यांवर निवडणूक आलीय."

"मग रेषा आहे तिथेच राहू द्या."

"तिथे राहिली तर निधी कसा उघडणार, बाई? तुम्ही पण ना."

मग अध्यक्षांना सुचलं की रेषा एकच का असावी? निधीसाठी निळी, बारावर. कपातीसाठी लाल, पाचवर. म्हणजे दुष्काळाचे पैसे भरल्या पाण्यात मिळणार आणि कपात मात्र पाणी संपत आल्यावर लागणार. चारच्या खाली नुसता गाळ आहे. तिथे पंप पाण्याऐवजी हवा ओढतात. ठराव एकमताने पास झाला.

रंगारी दोराने उतरला आणि निळी रेषा काढून वर आला.

"आता पाचवर लाल काढ," अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, तिथे सहा मीटर पाणी आहे. मी रंगारी आहे, मासा नाही."

मग लाल रेषा कागदावर खाली गेली आणि माझ्या अंगावर होती तिथेच राहिली. निघताना काकांनी बाईंना हळूच विचारलं, "आता काय हो?"

"आता नियम वाचते, काका. मीच लिहिलेत, पण नऊ वर्षं झाली."

पुढचं मला काकांनी सांगितलं. दुर्बीण पुसता पुसता ते बोलत असतात. ऐकायला मीच असते. अध्यक्षांनी कारंज्याची फाइल बाईंच्या टेबलावर ठेवली, तेव्हा बाई म्हणाल्या, "निधी उघडला, साहेब, पण नियमात लिहिलंय, खर्च दुष्काळ आराखड्यातल्या यादीनेच होतो. पहिलं काम, फुटक्या पाइपांची गळती."

"कारंजं कितव्या नंबरावर आहे?"

"नवव्या. जनजागृतीत बसवता येईल."

"मग जागृती आधी करू."

"आधीची आठ झाल्याशिवाय नाही. ठरावाला ही यादी जोडलेली आहे. खाली तुमची सही."

"मला वाचायला दिली नव्हती तुम्ही."

"दिली होती. तुम्ही म्हणालात, कुठे सही करायची तेवढं दाखवा."

मित्रांनो, गळती थांबवण्यासाठी कुठलाही अध्यक्ष इतका झटला नसेल. निवडणूक जिंकल्यावर तर ते सकाळी सहाला खड्ड्यांच्या काठावर उभे राहून ठेकेदारांना झापू लागले. चौथा मजला, पाचवा मजला, जिथे पाणी चढत नव्हतं तिथे चढू लागलं. बंद मीटर बदलले. गाळाच्या वरचं पाणी उचलायला तरंगता पंप आला. एका वर्षात सात कामं उरकली. आठवं होतं, धरणातल्या मोजपट्टीला नवा रंग देणे. म्हणजे मी.

अध्यक्ष रंगाऱ्याला घेऊन धावत आले, पण तोवर धरण काठोकाठ भरलं होतं. रंगाऱ्याने पाण्याकडे पाहिलं आणि डब्याचं झाकण लावलं.

"पाणी उतरू द्या," बाई म्हणाल्या. "घाई कसली?"

आणि पाणी उतरलं. पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही. आठवरची जुनी लाल रेषा वर आली, तरी कागदानुसार कपात लागली नाही. सात झाले, सहा झाले. बाई दिवसातून दोनदा फोन करू लागल्या. मग एकदा स्वतःच बांधावर येऊन बसल्या. निधीत आता फारसं काही उरलं नव्हतं.

"पाचच्या खाली गेलं तर टँकरचे पैसे कुठून भरू, काका?"

"गळती बंद आहे ना. शहर पूर्वीपेक्षा कमी ओढतंय. मी बघतोय ना रोज."

बाई म्हणाल्या, "नऊ वर्षं मी पैशावर बसून राहिले. पाइप तेव्हाही फुटकेच होते." हे बाई काकांशिवाय कुणाला सांगणार नाहीत, म्हणून मी इथे सांगते आहे.

पाच पूर्णांक चारवर पाणी थांबलं. मग ढग आले. आपल्या काळात एक दिवसही कपात झाली नाही, असं अध्यक्ष भाषणात सांगतात, आणि ते खरं आहे. याचं त्यांनाही अधूनमधून आश्चर्य वाटतं.

मधे, पाणी सहावर असताना, ते पुन्हा रंगारी घेऊन आले होते. बाईंनी एवढंच विचारलं, "लोक घरात धास्तीने बादल्या मोजतायत आणि आपण पट्टी रंगवतोय, असा फोटो छापून आला तर?" रंगारी परत गेला. भरल्या धरणात मला रंगवता येत नाही आणि रिकाम्या धरणात रंगवणं बरं दिसत नाही. मधल्या दिवसांत फाइल बाईंच्या कपाटात असते, आणि बाई रजेवर.

म्हणून मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. मी आठवं काम आहे. मी जोवर गंजते आहे, तोवर नववं सुरू होत नाही आणि निधीत पुन्हा चार पैसे पडत राहतात. या वेळी बाई त्यातून दरवर्षी थोडे पाइप बदलतात. काका लवकरच निवृत्त होतील, पण त्यांची सून आता दुर्बीण घेऊन बांधावर येते आणि आकडे दिसत नाहीत म्हणून माझा कुठला बोल्ट किती मीटरवर आहे ते पाठ करते.

तुमच्या घरचा नळ टपकत असेल, तर पाणी भरपूर असतानाच दुरुस्त करून घ्या. आणि रंगाचा डबा घेऊन कुणी धरणाकडे निघालेला दिसला, तर त्याला बोलण्यात गुंतवा. तो साधा माणूस आहे. संध्याकाळ झाली की आपोआप घरी जातो.